काठाची एक सरी सोडा



दाजीपूरच्या रानात गेलात, तर झाडाखालचा पालापाचोळा हाताने बाजूला करून पाहा. खाली काळी, भुसभुशीत माती लागते. पडलेला पाऊस तिच्यात मुरतो आणि झऱ्यांवाटे सावकाश भोगावतीला मिळतो. पाऊस उघडल्यावरही ओढे वाहतात, ते यामुळेच.

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून आपली पंचगंगा. पुढे नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण बांधायला घेतले, ते याच भोगावतीवर. पूर्वी संस्थानचे शिकारीचे असलेले दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले.

२०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. एवढे पाणी झाडे थोपवू शकत नाहीत, हे खरे. पण पाण्याबरोबर जाणारी माती मुळे धरून ठेवतात. उसाची एक सरी वाढावी म्हणून आपण ओढ्याच्या काठापर्यंत नांगर घालतो. मग काठ ढासळतो आणि सरीही जाते.

नोकरीच्या सुरुवातीला मीच सांगत असे, "वीतभर जमीन पडीक ठेवू नका." आज सांगतो, काठ मोकळा सोडा. पहिला पाऊस झाला की तेथे करंज, उंबर, बांबू लावा. अगदी कडेला वाळ्याची ओळ धरा. दोन वर्षे गुरांपासून जपा.

रान वरचे असो की बांधावरचे, नदी दोन्हींची लेक आहे.