वीज गेली, हिशेब अडकला



पावसाळ्यातली संध्याकाळ. आमच्या सौ. वस्तीतल्या महिला बचत गटाचा हिशेब संगणकावर भरत होत्या. चौदा बायांचे हप्ते, कर्ज, व्याज. तेवढ्यात वीज गेली. अर्ध्या तासाने आली. संगणक रखडत सुरू झाला, पण हिशेबाची फाईल उघडेना. फाईल बिघडली आहे, वाचता येत नाही, अशी सूचना आली. सौ.च्या तोंडचे पाणी पळाले. धुणीभांडी करून बायांनी पै-पै जमवलेली!

शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू. सगळं ठीक होईल."

मी त्याचा हात धरला. फॉरमॅट म्हणजे सगळी दप्तरे रिकामी करून नवे कपाट मांडणे. ते कधीही घाईने करू नये.

आधी नेमके काय होते ते समजून घ्या. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावरून लिहिणारे टोक फिरते. लिहिता लिहिता वीज गेली की नोंद अर्धवट राहते. आम्ही हिशेबनीस आधी किर्दीत नोंद करतो, मग खतावणीत चढवतो. विंडोजची एनटीएफएस पद्धतही तशीच आहे. करायच्या बदलाची टीप ती आधी लिहून ठेवते आणि वीज आल्यावर त्या टिपेवरून घडी बसवते. त्यामुळे कपाटाची मांडणी बहुधा वाचते. पण तुम्ही सेव्ह न केलेला मजकूर परत येईलच असे नाही.

अशा वेळी क्रमाने काय करावे?

पहिले, कान द्या. डिस्कमधून टकटक किंवा खरखर येत असेल तर संगणक ताबडतोब बंद करा आणि जाणकाराकडे न्या. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. त्याने नुकसान वाढते.

दुसरे, आवाज नसेल तर उघडतील त्या सर्व फाइली आधी पेन ड्राइव्हवर उतरवा. दुरुस्ती नंतर.

तिसरे, 'धिस पीसी'मध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज, मग टूल्स, मग एरर चेकिंगमधले 'चेक' दाबा. विंडोज ज्या ड्राइव्हवर असेल त्याची दुरुस्ती संगणक पुन्हा सुरू होताना होते. वेळ लागतो. मध्येच बंद करू नका.

चौथे, चुका पुन्हा पुन्हा येऊ लागल्या तर डिस्क थकली असे समजा. नवी घ्या.

आम्ही याच क्रमाने गेलो. फाईल उघडली! त्या संध्याकाळच्या चार नोंदी मात्र गेल्या होत्या. सौ.नी गटाची जुनी लाल वही काढली आणि चारही नोंदी पुन्हा भरल्या. वहीने तारले.

म्हणून महत्त्वाची कागदपत्रे, मुलांचे दाखले, गटाचे हिशेब एकाच ठिकाणी ठेवू नका. दर आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो संगणकापासून काढून ठेवा. काम करताना दर पाच मिनिटांनी सेव्ह करा. जमल्यास युपीएस घ्या. तो काही मिनिटेच टिकतो, पण फाईल सेव्ह करून संगणक नीट बंद करायला तेवढी पुरतात.

आणि वही मात्र टाकून देऊ नका.