मोंबासाला जाताना

लेकीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. "आई, डॉक्टर विमानप्रवास नको म्हणतायत. आता तूच ये."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलं. पण इथं माहेरालाच उठून लेकीकडे जायची वेळ आली. तेही पुण्या-मुंबईला नाही, पार केनियात, मोंबासाला. जावई तिथल्या बंदरावर मालाची ने-आण करणाऱ्या कंपनीत आहेत. सासूबाईंना सोडून ह्यांना निघता येईना. म्हणजे जायचं मी एकटीनं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. "मंगळसूत्र घालू नकोस." "रस्त्यानं एकटी फिरू नकोस." माझी जाऊ तर म्हणाली, "काळ्या लोकांत दोन महिने राहायचं म्हणजे बाई, मला तर झोपच यायची नाही." मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर माझ्याही पोटात गोळा आलाच होता. मात्र जे विचारायला हवं होतं ते कुणीच विचारलं नाही. पासपोर्टची मुदत किती उरलीय? इंजेक्शन घेतलंस का?

पासपोर्ट होता, पण कुठे, ते मला माहीत नव्हतं! घरातल्या प्रत्येकाची मार्कशीट कुठल्या पिशवीत आहे ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. स्वतःचा पासपोर्ट मात्र ह्यांच्या कपाटात, ह्यांच्या फाइलमध्ये. तुमच्यातल्या बऱ्याच जणींचं असंच असणार. तो आधी शोधा. प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी.

केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून 'ईटीए' नावाची परवानगी सुरू केली. इंटरनेटवरच अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि आलेला कागद छापून घ्यायचा. त्यावर नव्वद दिवसांपर्यंत राहता येतं. बाळंतपणाला तेवढे पुरतात.

पिवळ्या तापाच्या लशीची तर गंमतच आहे. आपल्याकडून थेट जाणाऱ्याला केनिया ती विचारत नाही. विचारतो तो आपलाच देश, परत येताना. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस फक्त सरकारनं नेमलेल्या केंद्रातच मिळते आणि दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठी उलटलेल्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मोंबासाकडे मलेरियाही आहे, त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या.

मग बॅग. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओवा, मेतकूट, जुन्या लुगड्यांची दुपटी. सगळं नेहमीच्या सवयीनं कॅरीबॅगमध्ये बांधलं होतं. लेक फोनवर ओरडलीच. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर. सगळं सोडून पुन्हा डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरलं. ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं नेता येत नाही, म्हणून हळिवाचे लाडू इथेच करून घेतले. तिथली विजेची भोकं तीन चौकोनी पिनांची असतात, त्याचा जोड घेतला. सुती कपडे भरपूर घेतले, कारण समुद्रकाठची हवा कोकणासारखी, घामानं चिकचिक.

निघाले त्या रात्री रिक्षा भडकल दरवाजाजवळून गेली. हा दरवाजा मलिक अंबरनं बांधलेला. त्यानंच १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. जन्म इथिओपियातला, म्हणजे केनियाच्या अगदी शेजारचा. पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याच्या नहरीचं पाणी या गावानं पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं. हे सगळं मुलांना मीच तर पाठ करून घेतलं होतं.

आणि याच गावात तीन वर्षांपूर्वी मी काय केलं होतं? आमच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. विद्यापीठात शिकायला आलेला एक सुदानी मुलगा दारात उभा राहिला. नीट कपडे, हातात फाइल. तोडक्या हिंदीत म्हणाला, "आंटी, रूम?" मी म्हटलं, "कालच दिली." दिली नव्हती. पुढे दोन महिने त्या रिकाम्याच होत्या. रिक्षात बसल्या बसल्या त्या पोराचा चेहरा आठवला आणि मग गाडीत झोप काही लागली नाही.

देवगिरीनं मुंबई, मग विमानानं सहा तासांत नैरोबी. तिथे जावई घ्यायला आले होते. पुढे मोंबासापर्यंत रेल्वे. स्टेशनवर सामान ओळीनं मांडायला लावतात आणि पोलिसांचं कुत्रं हुंगत जातं. माझ्या मेतकुटाशी ते जरा रेंगाळलं, तेव्हा छातीत धस्स झालं! ही नवी गाडी २०१७ पासून धावते. जुना लोहमार्ग १८९६ ते १९०१ मध्ये घातला, त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच दगावले. त्सावोच्या रानात लाल मातीनं माखलेले हत्ती खिडकीतून दिसले, तेव्हा मला त्या मजुरांच्या आयांची आठवण झाली.

मोंबासात पहिले काही दिवस मी दाराबाहेर पडलेच नाही. मग भाजीला जाऊ लागले आणि कान टवकारले. स्वाहिलीत पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी', चहाला 'चाय', चपातीला 'चपाती'. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर म्हणजे 'कचुंबरी'. भाजीवाली बाई मला 'मामा' म्हणे. आपल्या 'मावशी'सारखंच ते. तिचे पैसे फोनवरून घेणं २००७ पासून चालू, आपल्या आधी कितीतरी!

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते, तिथलीच, शाळेतून निवृत्त झालेली. मी लेकीला विचारलं, "घर मिळायला त्रास झाला का गं?" ती म्हणाली, "नाही. तिनं एवढंच विचारलं, लग्न झालंय ना?"

कळा सुरू झाल्या त्या रात्री दोन वाजता. बाहेर धो धो पाऊस, कारण एप्रिल-मे हा तिथला मोठा पावसाळा. जावई बंदरावर रात्रपाळीला. मी दार वाजवायच्या आधीच मालकीण गाडीची किल्ली घेऊन जिन्यात उभी होती. तिला वरची चाहूल लागली होती. दवाखान्यात तिनं सकाळपर्यंत माझा हात धरून ठेवला. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. नात झाली. तिनं बाळाला हातात घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बीबी." तिकडे आजीला बीबी म्हणतात. मला एकदम आपला मकबरा आठवला आणि रडता रडता हसू आलं.

परत आल्यावर जावेनं विचारलं, "भीती नाही वाटली?" मी तिला मालकिणीची गोष्ट सांगितली. सुदानी मुलाची सांगायला मात्र जीभ रेटली नाही. ती आज पहिल्यांदा तुमच्यापाशी बोलतेय. त्याला शोधायचा प्रयत्न केला, पण तो शिक्षण संपवून निघून गेला होता.

वरच्या खोल्या या महिन्यात पुन्हा रिकाम्या होतायत. पाटी लावून ठेवलीय. ह्यांची कुरकुर चालू आहे, पण किल्ली माझ्याकडे आहे. जो कुणी येईल, जिथून येईल, त्याला नळाला पाणी रोज येत नाही एवढं मात्र आधीच सांगून ठेवणार आहे.