खाटा मोजून काम मोजले जात नाही

१२ मेला परिचारिकांना गुलाब मिळतो, मेणबत्त्या लागतात, शपथ होते. त्याच आठवड्यात वर्ध्याचा पारा बहुधा ४५च्या आसपास असतो आणि नाईट करून घरी गेलेली सिस्टर कूलरसमोर झोप शोधत असते. अलीकडे ताणमुक्तीची कार्यशाळाही होते, तीही पुष्कळदा नाईट ऑफच्या दिवशीच. कार्यशाळेला आमचा विरोध नाही. पण थकवा येतो तो ड्युटीच्या तक्त्यातून, म्हणून आज तक्ता लिहिणाऱ्या मेट्रन आणि इन्चार्ज सिस्टरांशीच बोलायचे आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतरत्र पाचांमागे एक, आणि त्यावर रजेसाठी ३० टक्के राखीव. काटकसरीत पहिला बळी जातो तो या राखीव मनुष्यबळाचा. मग एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्युटी, हे ठरूनच जाते.

निकष पाळला तरी प्रश्न उरतोच. जुलै ते ऑक्टोबर हे आपल्याकडे फवारणीचे आणि सापांचे महिने. कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण आला की अ‍ॅट्रोपिन सुरू होते. दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब, बाहुल्या, छातीतला घरघराट पाहायचा, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे डोस दुप्पट करत जायचा, छाती कोरडी होईपर्यंत. जास्त झाले तर रुग्ण बरळू लागतो, खाटेवरून उठून पळू पाहतो आणि नातेवाईक सिस्टरवरच धावून येतात. (अशा हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता दाराशी सुरक्षारक्षक लागतो.) शेजारी घोणस चावलेला शेतमजूर असतो. त्याचे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटांनी गोठले का ते पाहायचे असते. हे दोघे मिळून एका सिस्टरची अख्खी रात्र घेतात. तक्त्यात मात्र त्या दोन खाटाच असतात, साध्या तापाच्या दोन खाटांसारख्या. फवारणीच्या महिन्यांसाठी वेगळा तक्ता का नसावा?

यावर वर्ध्यात हमखास सेवाभावाची आठवण करून दिली जाते. आठवण योग्यच आहे. १९३६ साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांचे काम उभे केले. १९३९ मध्ये कुष्ठरोगी परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतले आणि स्वतः त्यांचे मालीश केले. पण त्याच सेवाग्राम आश्रमाचा दिवस घड्याळावर चाले. प्रार्थना, श्रम, जेवण, दुपारची विश्रांती यांच्या वेळा ठरलेल्या असत, आणि सोमवारी गांधीजींचे मौन. सेवाभावाचा हवाला देऊन सलग दुसरी नाईट मागणाऱ्यांनी आश्रमाचे वेळापत्रकही वाचावे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ मध्येच परिचारिकांसाठी दोन पाळ्यांत सलग बारा तास विश्रांतीची शिफारस केली होती. आपला तक्ता या कसोटीवर लावून पाहा. रात्री आठला संपणारी इव्हिनिंग ओव्हर देईपर्यंत नऊ वाजवते, घरी पोचायला दहा, आणि सकाळी सातला पुन्हा मॉर्निंग! ही एक जोडी तक्त्यातून काढायला पदनिर्मितीचा प्रस्ताव लागत नाही, खोडरबर पुरतो. महिन्याचा तक्ता दोन आठवडे आधी लावणे आणि ऑफच्या दिवशी फोन न करणे, यालाही मंत्रालयात जावे लागत नाही. पाळणाघराचे मात्र व्यवस्थापनाला विचारावेच लागेल. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनेच पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली.

मावशी आणि वॉर्डबॉय यांचा तक्ता बहुतेक ठिकाणी ठेकेदाराच्या वहीत असतो. स्ट्रेचर ओढणारा मामा सलग किती तास उभा आहे, हे वॉर्डात कुणाला ठाऊक नसते. निदान इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर त्या वहीची प्रत यायला हवी, कारण रात्री मामा मिळाला नाही की रुग्ण एक्स-रेला सिस्टरच ढकलत नेते.

या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळातले आपल्या वॉर्डाचे तक्ते आमच्याकडे पाठवावेत, नावे आणि रुग्णालय खोडून. इव्हिनिंगनंतर मॉर्निंग किती वेळा आली, राखीव कर्मचारी किती दिवस होते, हे आम्ही दिवाळीनंतरच्या अंकात छापू.