सीट कोणाची, ते आधी विचारा

माझ्या मुलीची कारसीट नणंदेकडून आली. तिच्या मुलाने ती चार वर्षं वापरली होती. सोसायटीत हे कळल्यावर दोघी-तिघींनी मला बाजूला घेतलं. "अगं, सीट कधी जुनी घेतात का? बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे." त्यांची कळकळ खरी होती. म्हणणं मात्र मला पटलं नाही.

जुनं प्लॅस्टिक कमकुवत होतं, हा त्यांचा पहिला मुद्दा. होतंच. उन्हात तापणाऱ्या गाडीत वर्षानुवर्षं राहिलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. बहुतेक कंपन्या सीटचं आयुष्य सहा ते दहा वर्षं धरतात, त्याचं हे एक कारण. पण म्हणून चार वर्षांची सीट निकामी ठरत नाही. मी ती उलटी करून पाहिली. तळाच्या प्लॅस्टिकवर घड्याळासारखं छोटं वर्तुळ उमटलेलं होतं. मध्ये बाण, भोवती महिन्यांचे आकडे, आणि साल २०२१. बाजूला युरोपीय मानकाचं नारिंगी लेबल, त्यावरचा मंजुरी क्रमांक ०४ ने सुरू होणारा. कव्हर काढून सांगाड्यावरून बोट फिरवलं. प्लॅस्टिकवर फार ताण आला की तिथे पांढुरक्या रेघा उठतात. तशी एकही नव्हती. बकलमध्ये तेवढा बिस्किटांचा भुगा अडकला होता.

दुसरा मुद्दा वजनदार आहे: अपघातातून गेलेली सीट वरून ओळखू येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. आतला थर्माकोल स्वतः चेपून धक्का सोसतो, त्यामुळे तो दुसऱ्यांदा तसाच उपयोगी पडेल याची खात्री नाही, आणि त्याची भेग कापडाखाली झाकलेली राहते. म्हणूनच अनोळखी माणसाने विकायला काढलेली सीट मी फुकट मिळाली तरी घेणार नाही. ऑनलाइन जाहिरातीतली अशीच एक सीट मी बघून आले होते. कापड नव्यासारखं, पण लेबल खरवडलेलं, पुस्तिका नाही, आणि आधी कोणाच्या गाडीत होती विचारलं तर उत्तर नाही. मी परत फिरले.

नणंदेला हाच प्रश्न विचारला तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली, "वहिनी, एकदा सिग्नलला मागून रिक्षा टेकली होती." मग मी खोदून खोदून विचारलं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने किरकोळ अपघाताच्या पाच अटी दिल्या आहेत: गाडी स्वतःच्या चाकांवर निघाली, सीटजवळचं दार शाबूत राहिलं, कोणाला इजा नाही, एअरबॅग उघडली नाही आणि सीटवर दिसण्याजोगी खूण नाही. पाचही जुळल्या तरच सीट पुढे वापरावी. आमच्या जुळल्या. ती रिक्षेची गोष्ट कुठल्याही लेबलवर वाचायला मिळाली नसती.

परदेशातून आलेल्या सीटबद्दल मात्र सावध करते. अमेरिकेतल्या गाड्यांचा पट्टा पूर्ण ओढला की जागीच अडकवता येतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो झटका बसल्यावरच अडकतो. गाडीत आयसोफिक्सच्या, म्हणजे सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या नसतील, तर तिथली उत्तम सीटही इथे हलती राहू शकते.

सगळ्यात जास्त माझा विरोध आहे तो तिसऱ्या वाक्याला: "घ्यायची तर नवीच, नाहीतर नको." आपल्या घरांत 'नको' म्हणजे आईची मांडी. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं बाळ जवळजवळ १४० किलोच्या जोराने पुढे खेचलं जातं. गव्हाची तीन पोती एका हिसक्यात कोणत्या आईच्या हातात राहतील? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा योग्य सीटविना नेलं तर हजार रुपये दंड आहे. तरी द्रुतगती मार्गावर पुढच्या सीटवर, मांडीवर उभी केलेली पोरं मला दर फेरीत दिसतात. ज्या आईला नव्या सीटचे आठ-दहा हजार जड जातात, तिला बहिणीची, नणंदेची, चांगल्या ओळखीतली सीटही 'धोकादायक' म्हणून नाकारायला लावणं, हे मला अक्षम्य वाटतं.

आमच्या सीटचं आयुष्य कंपनीने सात वर्षं सांगितलंय. तळाशी मी मार्करने '२०२८' लिहून ठेवलंय. त्या वर्षी कात्री घेऊन तिचे पट्टे कापणार आणि मगच ती भंगारात देणार, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या गाडीत जाणार नाही.