गावाच्या धुराचा जमाखर्च

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, सह्याद्रीच्या रांगा जेथे गुजरातच्या सीमेजवळ येतात तेथे, बारीपाडा नावाचा एक आदिवासी पाडा आहे. १९९० च्या सुमारास या पाड्याभोवतालचे डोंगर उघडेबोडके झाले होते. झाडे तुटली, तसे पावसाचे पाणीही थांबेनासे झाले. उन्हाळा आला की स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागे. अशा वेळी वाणिज्य शाखेचे उच्च शिक्षण घेतलेल्या चैत्राम पवार या तरुणाने नोकरीची वाट न धरता गावकऱ्यांना एकत्र बसविले. गावाने आपले नियम आपणच केले. वनात कुऱ्हाड चालवायची नाही, नियम मोडील त्याने दंड भरायचा आणि राखण गावानेच करायची. आज सुमारे ४४५ हेक्टर वन या लहानशा पाड्याच्या राखणीत उभे आहे. २०२५ साली पवारांना पद्मश्री हा किताब देण्यात आला.

त्या बैठकीत वातावरणातील कर्बवायूचा विषय कोणाच्याही ओठी आला नसेल. तेथे चिंता होती ती पाण्याची आणि सरपणाची. तथापि आज सारे जग ज्याला ‘निव्वळ शून्य उत्सर्जन’ म्हणते, त्याचे अर्धे काम त्या पाड्याने नकळत करून ठेवले. कारण ही कल्पना मुळात वाण्याच्या वहीसारखी आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जेवढा कर्बवायू हवेत सोडला तेवढा खर्च. झाडांनी व मातीने जेवढा परत शोषून घेतला तेवढी जमा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की शिल्लक शून्य. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कर्बाचा असतो. म्हणून वाढते वन म्हणजे गावाच्या वहीतील जमेची बाजू होय. भारताने २०७० पर्यंत ही शून्य शिल्लक गाठण्याचा संकल्प २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत जाहीर केला आहे.

परंतु जमेच्या बाजूवरच भिस्त ठेवणे हा आपल्या पुष्कळ ग्रामपंचायतींचा दोष आहे. पावसाळ्यात वृक्षारोपणाचा समारंभ होतो, छायाचित्रे निघतात, आणि शिमग्यापर्यंत त्या खड्ड्यात वाळकी काडी तेवढी उरते. खर्चाच्या बाजूकडे तर कोणी पाहतच नाही. ग्रामपंचायतीचा स्वतःचा खर्च काय असतो? पथदिवे, पाणीपुरवठ्याची मोटार, शाळा आणि कचेरी. त्यापलीकडे शिवारातील विहिरींवरचे पंप. पाच अश्वशक्तीचा एक पंप सहा तास चालला तर सुमारे २२ युनिटे वीज लागते. आपल्याकडील बरीचशी वीज अद्याप कोळशापासून होते आणि एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणजे एका पंपाचे एका दिवसाचे देणे १५ किलोंहून अधिक झाले. धुळ्याच्या शेतात धूर दिसत नाही, एवढेच; तो भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या ठिकाणी उंच धुराड्यातून निघत असतो.

याच जिल्ह्यात पंपावाचून शेत भिजविण्याची एक विद्या काही शतके नांदत आली आहे. पांझरा नदीच्या पात्रात ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधलेले आहेत. बंधाऱ्याने अडलेले पाणी पाटात शिरते आणि जमिनीच्या उतारानेच शेतापर्यंत जाते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे ‘फड’ पाडलेले असतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाटकऱ्याने ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे पाणी द्यावयाचे, जागल्याने पिकाची राखण करावयाची. भांडण उद्भवल्यास ते गावानेच मिटवावयाचे. वीज नाही, तेल नाही, देयकही नाही! पुढे विहिरी व पंप वाढले, वरच्या अंगास धरणे झाली आणि पुष्कळ फड मोडकळीस आले. काही मात्र अजून टिकून आहेत. नवी यंत्रे विकत घेण्याआधी, जेथे शक्य असेल तेथे, ढासळलेला बंधारा व गाळाने भरलेला पाट दुरुस्त करावा. खानदेशातील ग्रामपंचायतींना याहून स्वस्त उपाय क्वचितच सापडेल.

याचा अर्थ सौरशक्ती नको असा मुळीच नाही. जम्मूमधील पल्ली या ग्रामपंचायतीत २४ एप्रिल २०२२ रोजी ५०० किलोवॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, आणि कर्बमुक्त पंचायत म्हणून तिचे नाव देशभर झाले. साक्री तालुक्यात तर मोठा सौर प्रकल्पही आहे आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्याही फिरतात. मात्र ती वीज राज्याच्या तारांत जाते. पवनचक्कीची सावली ज्या गावावर पडते, त्या गावाच्या वहीत ती आपोआप जमा होत नाही. शिवाय सौर पंपात एक धोका आहे. ऊन फुकट, म्हणून पंप दिवसभर चालू राहिला तर विहिरीचा तळ लवकर दिसू लागतो. पाणी उपसण्याची मर्यादा ग्रामसभेने आधी ठरवावी व पंप मागाहून बसवावा.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो न्याय्य आहे. मोटारी, कारखाने, शीतयंत्रे शहरांत. मग धुराचा हिशेब खेड्याने का द्यावा? ज्याने धूर केला त्याच्यावर मोठा बोजा पडला पाहिजे, यात शंका नाही. गावातही हाच न्याय लागू व्हावा. कुऱ्हाडबंदी झाली की मोठ्या बागाईतदाराचे काहीच अडत नाही. त्याच्या घरी गॅसची टाकी असते. अडते ते रोज मोळी आणून चूल पेटविणाऱ्या भूमिहीन बाईचे. तिच्या चुलीची सोय न करता जी पंचायत दंडाची पावती फाडते, तिचा नियम कागदावर राहतो आणि झाड रात्री तुटते. म्हणून प्रथम गोबरगॅस किंवा कमी लाकडात पेटणारी चूल, वाळक्या फाट्यांची मोकळीक, आणि मग बंदी, असा क्रम हवा. कपाशीच्या पऱ्हाटीचेही तसेच. बांधावर ती पेटवून देण्यापेक्षा तिचे बारीक तुकडे करून कुजविले, तर खत मिळते आणि कर्बाचा काही भाग मातीत राहतो. पण ते तुकडे करणारे यंत्र एकेका लहान शेतकऱ्यास परवडणारे नव्हे. ते पंचायतीनेच घेऊन भाड्याने द्यावे.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली ‘माझी वसुंधरा’ हे अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांनुसार त्यात गावांना गुण मिळतात. गुण मिळविणे चांगलेच. पण गुणांची पाटी वेशीवर लागते आणि वही मात्र कपाटात राहते, असे होऊ नये. ग्रामसभेत पैशाचा जमाखर्च वाचला जातो. त्याच्याच शेजारी हा दुसरा जमाखर्चही मोठ्याने वाचला जावा. त्याचे पहिले पान भरावयास कोणी तज्ज्ञ लागत नाही. गावात पथदिवे किती, त्यांपैकी दिवसाढवळ्या जळणारे किती, पाण्याची मोटार किती अश्वशक्तीची व ती रोज किती तास चालते, गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी आज जिवंत किती, हे सातवीच्या वर्गातील मुलांना एका रविवारी गावातून फिरून लिहून आणता येईल.