तार निघाली, काम संपलं नाही

एप्रिल-मेची सुट्टी लागली की घरातली राहून गेलेली कामं निघतात. त्यांतलं एक म्हणजे मुलांचे दात. हुबळीत गोकुळ रोडने नव्या बसस्टँडकडून विमानतळाच्या दिशेला निघालं, की दंतवैद्यांच्या पाट्या दिसू लागतात. हुबळी-धारवाडच्या मध्ये सत्तूरला १९८६ पासून एसडीएमचं दंतमहाविद्यालय आहे, बेळगावात १९८५ पासून केएलईचं. वेडेवाकडे दात सरळ करून घ्यायला आपल्या भागातल्या माणसाला आता मुंबई-पुणे गाठायची गरज नाही.

सोय वाढली, तसे आईवडिलांचे प्रश्नही वाढले. आठ वर्षांच्या मुलाला आताच तार लावावी, की थांबावं? महागातली तार लावली तर लवकर सुटका होते का? आणि दात एकदा सरळ झाले, की ते कायमचे ना?

या तिन्ही प्रश्नांचा डॉक्टरांनी रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास केला आहे. अशा अभ्यासाची रीत साधी असते. सारख्या तक्रारीच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडायचे, एकाला एक उपचार द्यायचा, दुसऱ्याला दुसरा, आणि शेवटी दोघांचे दात मोजून बघायचे. जाहिरातीपेक्षा या मोजमापावर विश्वास ठेवावा.

पहिला प्रश्न वयाचा. वरचे दात फार पुढे आलेल्या १७४ मुलांचा इंग्लंडमध्ये असा अभ्यास झाला. मुलं आठ ते दहा वर्षांची. निम्म्यांना लगेच काढ-घाल करायचं उपकरण दिलं, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. २००९ साली शेवटचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा लवकर सुरुवात केलेल्यांचे दात काही जास्त चांगले झाले नव्हते. उलट त्यांचे दवाखान्यातले खेपे वाढले होते आणि उपचारही लांबले होते. अशा मुलांचं काम बहुधा अकरा-बाराच्या सुमाराला, दुधाचे दात पडून गेल्यावर एकदाच केलेलं बरं.

पण याला दुसरी बाजूही आहे. याच अभ्यासात लवकर उपचार मिळालेल्या मुलांना स्वतःबद्दल अधिक बरं वाटू लागल्याचं दिसलं होतं. शाळेत ‘दात्या’ म्हणून चिडवलं जाणाऱ्या पोरासाठी ही गोष्ट लहान नाही. शिवाय पुढे आलेले दात पडझडीत लवकर तुटतात आणि लवकर उपचाराने तो धोका कमी होतो, असंही वेगवेगळ्या अभ्यासांतून दिसलं आहे. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, तर मात्र वाट न बघता लवकर दाखवावं. म्हणून सातव्या-आठव्या वर्षी तज्ज्ञाला एकदा दाखवून घ्यावं, आणि डॉक्टर ‘अजून थांबा’ म्हणाले तर ते टाळतात असं समजू नये.

दुसरा प्रश्न पैशाचा. दात कसा सरकतो हे समजलं, की याचं उत्तर आपोआप मिळतं. तारेचा हलका दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरून येतं. हे काम शरीर आपल्या चालीने करतं. जोर वाढवला म्हणून दात लवकर पळत नाही, उलट मुळं झिजायची भीती असते. तार आपोआप पकडून ठेवणाऱ्या महागड्या पट्ट्या निघाल्या, तेव्हा उपचार लवकर संपतील असा गाजावाजा झाला. २०१० च्या सुमाराला सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा एकूण काळात फरक आढळला नाही. खुर्चीवर बसायची काही मिनिटं तेवढी वाचतात. तोंडात धरायच्या थरथरत्या यंत्राचीही लंडनमध्ये चाचणी झाली. २०१५ साली निकाल आला, तोही तसाच. ठरावीक तारांच्या उपचाराला सरासरी वीस महिने लागतात. मुलीची लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर ‘सहा महिन्यांत करून द्या’ म्हणून डॉक्टरांना गळ घालण्यात अर्थ नाही.

काळ वाढतो तो बऱ्याचदा आपल्याच हाताने. ठरलेली तारीख चुकवणं, दात नीट न घासणं, आणि पट्ट्या तोडणं! गोकाकचं करदंट आणि कडक भाकरी ही आपली आवडती मंडळी, पण तारा असेपर्यंत त्यांना लांबूनच नमस्कार करावा. भाकरी आमटीत भिजवून खायला हरकत नाही.

आता तिसरा प्रश्न. सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठात दाढा काढून, तारा लावून उत्तम सरळ केलेल्या ६५ जणांचे दात दहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. दात धरून ठेवणारी साधनं त्यांनी तोवर सोडून दिलेली होती. १९८१ साली आलेला निष्कर्ष असा, की सुमारे दोन-तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात पुन्हा वाकडे झाले होते. उपचार चुकीचे नव्हते. हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात, आणि वयाबरोबर जबडाही थोडा बदलतच असतो.

म्हणूनच तार काढल्यावर डॉक्टर ‘रिटेनर’ देतात. काढ-घाल करायची पट्टी, किंवा दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. पहिलं वर्ष फार जपायचं. पुढेही रात्रीची पट्टी वर्षानुवर्षं घालायची तयारी हवी. जेवताना ती कागदात गुंडाळून ठेवू नये, उष्ट्याबरोबर केरात जाते. डबीतच ठेवावी. गरम पाण्याने धुऊ नये, वाकडी होते.

हल्याळ-दांडेलीहून महिन्याच्या महिन्याला एसटीने येणाऱ्या घराला दोन वर्षांचा खर्च आणि खाडे काही थोडे नसतात. तो सगळा आटापिटा एका हरवलेल्या पट्टीपायी वाया जाऊ नये. तेव्हा पालकहो, पहिल्याच भेटीत ‘तार कुठली लावणार’ याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. तार काढल्यावर काय देणार, ते किती वर्षं घालायचं, आणि मोडलं-हरवलं तर नवं केवढ्याला पडेल. तेवढे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा.