गेम खेळताना मुलगा रडला, म्हणजे त्याचं डोकं बिघडलं का?

या ब्लॉगवर मी सहसा शुगर, बीपी, थायरॉइड, डेंग्यू अशा विषयांवर लिहितो. आज मात्र थोडं भांडायचं आहे. तुमच्याशी, आणि त्याआधी स्वतःशी.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कराडच्या बाजूचं एक शेतकरी जोडपं आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन संध्याकाळच्या ओपीडीत आलं. मुलगा सांगलीत इंजिनिअरिंगला, सुट्टीसाठी घरी आलेला. काय त्रास होतोय, असं मी विचारलं. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगं रात्रीचं लॅपटॉपम्होरं बसून रडतंय. आन् कशापायी, तर गेमातला मानूस मेला म्हणून!"

आईनं हळूच विचारलं, "मेंदूचा फोटो काढायचा का?"

मी तपासलं. बीपी, नाडी, वजन सगळं ठीक. झोप, भूक व्यवस्थित. कॉलेजला जातो, परीक्षा पास झालाय, मित्र आहेत. मग मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटते. मी हसलो. म्हणालो, "अरे, मिशा फुटल्या तुला, आणि कार्टून मेलं म्हणून रडतोस?" आई-वडीलही हसले. मुलगा हसला नाही. मी बी-कॉम्प्लेक्स लिहायला घेतलं आणि उगीच विचारायचं म्हणून विचारलं, "कशानं मेला रे तो?"

"टीबीनं, सर," मुलगा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आजोबांसारखाच खोकत होता."

आजोबा २०२१च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवताना घरच्यांनी त्यांना पाहिलं ते शेवटचं. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मी वडिलांकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "तवा रडाया येळ कुनाला हुता, साहेब?"

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं, हे मला वेगळं सांगायला नको. अशी किती घरं आहेत, जिथं माणूस गेलं आणि रडायचं राहून गेलं! त्यातल्या एका घरातला मुलगा चार वर्षांनी रडला, तर आम्ही तिघं शहाणी माणसं त्याला हसत होतो.

त्याच वर्षी एका शाळेत मी पालकांसमोर भाषण केलं होतं. "मोबाइलमधल्या बाहुल्यांसाठी रडणारी पिढी" असं म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. त्या टाळ्या मी आज परत करतो आहे.

"पण ते सगळं खोटं असतं ना?"

हा पहिला आक्षेप. आधी शरीराचं ऐका.

चिंचेचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. समोर चिंच नसते, हे तुम्हाला माहीत असतं. तरी लाळ खरी असते. अश्रूंचंही तसंच आहे. डोळा ओला ठेवणारं पाणी सतत झिरपत असतं. कांदा चिरताना किंवा धूर गेल्यावर येणारं पाणी वेगळं. आणि भावनेनं येणारं पाणी तिसरं. हे तिसरं पाणी मेंदूच्या भावना हाताळणाऱ्या भागांतून सुरू होतं. तिथला संदेश मेंदूच्या देठापर्यंत जातो, आणि तिथून चेहऱ्याच्या नसेवाटे डोळ्याच्या वरच्या बाजूच्या अश्रुग्रंथीला पोचतो. जादा पाणी बारीक नळीतून नाकात उतरतं, म्हणून रडताना नाक गळतं. समोरचा माणूस खरा की खोटा, याची परवानगी ही यंत्रणा मागत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. थिजून जाणं, घाम, अंगावर काटा, आवाज फुटणं, कापरं, रंग उडणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं. ही यादी मी एमडी झाल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचली आणि चकित झालो. आम्ही ज्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतो, तिचीच ही लक्षणं! खोट्या गोष्टीनं खरं शरीर हलतं, हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

आणि हे सांगलीच्या माणसाला कुणी सांगावं? १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती शारदा खरी नव्हती. 'एकच प्याला'तली सिंधू खरी नव्हती, आणि तिचं काम करणारे बालगंधर्व तर बाईही नव्हते. तरी माणसांनी डोळे पुसले.

१९९१ साली 'माहेरची साडी' लागला तेव्हा थिएटरमधून बायका लाल डोळ्यांनी बाहेर पडत होत्या. १९५३च्या 'श्यामची आई'नं तर पुरुषांनाही रडवलं आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. तेव्हा कुणी कुणाच्या मेंदूचा फोटो काढा म्हणालं नाही. त्या रडण्याला आपण रसिकता म्हटलं. पोराच्या हातात रिमोट आला की तेच रडणं बिघाड कसं होतं?

नाटकवाल्यांनाही एके काळी समाज कमी लेखत होता. नाटकानं पोरं बिघडतात, मग सिनेमानं बिघडतात, मग टीव्हीनं, आता गेमनं. दर पिढीत रोग्याचं नाव तेच, फक्त आरोपी बदलतो.

त्या गेममध्ये असतं तरी काय?

मी घरी गेल्यावर पुतण्याला तो गेम दाखवायला लावला. 'रेड डेड रिडेम्प्शन टू', २०१८ सालचा. योगायोग असा की त्याचीही गोष्ट १८९९ सालातच घडते. नायक आर्थर मॉर्गन हा दरोडेखोरांच्या टोळीतला. टोळीतला एकजण सावकारी करतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. थॉमस डाऊन्स नावाचा एक आजारी शेतकरी पैसे देऊ शकत नाही, म्हणून आर्थर त्याला मारहाण करतो. तो खोकतो, आणि त्याच्या तोंडातलं रक्त आर्थरच्या चेहऱ्यावर उडतं. पुढे आर्थर खंगत जातो. शहरातला डॉक्टर त्याला तपासून सांगतो, क्षय आहे.

इथं नाटक आणि गेम यांतला फरक येतो. नाटकात खलनायक मारतो आणि आपण खुर्चीत बसून हळहळतो. इथं वसुलीला गेलेला हात खेळणाऱ्याचा असतो. बटण त्यानंच दाबलेलं असतं. नंतर दुखणं अंगावर येतं तेव्हा शोकात अपराध मिसळलेला असतो. ज्या भागात खासगी सावकारीनं घरं उद्ध्वस्त झालेली आपण पाहिली आहेत, तिथल्या पोराला हे भिडणार नाही तर कुणाला? मरताना आर्थरचं घोडंही पडतं आणि तो त्याचे आभार मानतो, तिथं माझा पुतण्या गप्प झाला. माझाही चष्मा धुरकट झाला.

डॉक्टर म्हणून एक चूक मात्र काढतो. प्रत्यक्षात क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्के लोकच आजारी पडतात. आणि १८९९ साली क्षयाला औषध नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं. आज आहे, सरकारी दवाखान्यात मोफत आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. आज क्षयानं आर्थरसारखं मरायची गरज नाही.

असे इतरही गेम आहेत. २०१६ साली आलेला 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' एका अमेरिकन आई-वडिलांनी कॅन्सरनं गेलेल्या आपल्या लहान मुलाच्या आठवणीत केला. त्याला टाइमपास म्हणायची माझी हिंमत नाही.

"पुरुषासारखा पुरुष, आणि रडतो?"

हा दुसरा आक्षेप, आणि सगळ्यात घातक. "बायकांसारखा मुळूमुळू काय रडतोस?" हे वाक्य आपल्याकडे पाचव्या वर्षापासून मुलाच्या कानावर पडतं. आपला भाग फौजींचा, पैलवानांचा, कष्टकऱ्यांचा. इथं पुरुषाला राग यायला परवानगी आहे, रडायला नाही.

याचा परिणाम माझ्या ओपीडीत रोज दिसतो. पुरुष "दुःख होतंय" असं म्हणत नाहीत. ते छातीत भरून येतंय म्हणतात, गॅस झालाय म्हणतात, डोकं गच्च झालंय म्हणतात. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. (छातीत दुखलं तर ईसीजी मात्र आधी काढाच.) काहीजण ते दुःख बाटलीत बुडवतात. अंधाऱ्या खोलीत, हेडफोन लावून, खोट्या माणसाच्या आडून का होईना, एखादा मुलगा रडू शकला, तर त्याला तेवढी एक वाट सापडली आहे. ती आपण हसून बुजवतो.

रडण्याबद्दल फाजील दावेही नकोत. "रडल्यानं शरीरातली विषं बाहेर पडतात" असं फॉरवर्ड फिरतं, त्याला पुरेसा पुरावा नाही. रडल्या रडल्या बरं वाटतंच असंही नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना करुण चित्रपट दाखवले. जे रडले त्यांचं मन चित्रपट संपल्यावर लगेच जास्त उदास होतं, वीस मिनिटांनी पूर्ववत झालं, आणि दीड तासानं आधीपेक्षाही हलकं झालं. अभ्यास लहान आहे, पण आपल्या आयांचा अनुभवही तोच आहे. रडू द्या, लगेच गप्प करू नका.

"हे व्यसनच की!"

तिसरा आक्षेप. गेमिंगचा आजार असतो, तो मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे, आणि ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या खुणा तीन. खेळण्यावर ताबा न राहणं. जेवण, झोप, अभ्यास, माणसं या सगळ्यांपेक्षा गेम वरचढ होणं. आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारण बारा महिने चाललं आणि आयुष्याची घडी विस्कटली, तर तो आजार. या तीन खुणांत रडणं कुठेच नाही.

उलट ज्या गेमांची मला भीती वाटते, ते रडवत नाहीत. पैसे लावायला लावणारे ते गेम. त्यांनी घरं बसवली, आणि २०२५ साली केंद्र सरकारला त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला. पालक मात्र दोन्हींना एकाच शब्दात मोडीत काढतात, "मोबाइल". गोष्ट सांगणारा खेळ आणि जुगार यांतला फरक ओळखा. आणि गोष्टीचे सगळेच गेम लहान मुलांसाठी नसतात. वर सांगितलेला गेम मोठ्यांसाठीच आहे, सातवीतल्या मुलाच्या हातात तो देऊ नका.

डॉक्टरकडे कधी यायचं?

• दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदासी, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे.
• गेम बंद केल्यावरही रडू थांबत नाही, किंवा कारण नसताना रडू येतं.
• मित्र, कॉलेज, अंघोळ, जेवण सुटत चाललंय.
• "जगून काय उपयोग" असं बोलणं. हे गमतीत म्हटलं तरी गंभीरपणे घ्या. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस नंबर मोफत आहे, केव्हाही फोन करा.
• घरातल्या वयस्क माणसाला अर्धांगवायूनंतर भावनेशिवायच रडू किंवा हसू फुटतंय. हा मेंदूचा त्रास असतो आणि त्यावर औषध आहे.

यातलं काही नसेल, तर मुलाला औषध नको. त्याच्याशेजारी जाऊन बसा. "बंद कर ते" म्हणण्याऐवजी "कोण आहे रे हा, काय झालं त्याला?" असं विचारा. उत्तर गेमबद्दल येईल, किंवा दुसऱ्याच कुणाबद्दल येईल. दोन्ही ऐका.

गेल्या आठवड्यात त्या मुलाचे वडील शुगर दाखवायला आले. मी बी-कॉम्प्लेक्सचा विषय काढला आणि त्या दिवशी हसलो ते चुकलं, असं सांगितलं. ते म्हणाले, "असू द्या हो." मग जाता जाता दारात थांबले. "बसलो हुतो एक दिवस त्याच्यासंगं. घोडं दाखवलं त्यानं मला. आमच्या आबांकडं हुतं तसलंच हाय. मग आबांचंच बोलत बसलो दोघं, बारा वाजंस्तवर."